दोनच आकड्यांवर बरोबर येणारा गॅप सेन्सर

आमच्या टूलरूमला एका डीलरने ‘कपॅसिटिव्ह गॅप सेन्सर, 0.1 मायक्रॉन’ म्हणून जो सेट विकला, त्याचा डेमो चोख होता. असा सेन्सर प्रोबच्या टोकाचा इलेक्ट्रोड आणि समोरचा धातूचा जॉब यांच्यातली फट (गॅप) न टेकता, दोघांमधल्या कपॅसिटन्सवरून म्हणजे विद्युतधारितेवरून मोजतो. मायक्रोमीटर हेडवर गॅप 0.2 मिमी ठेवला, डिस्प्ले 0.2000. मग 1 मिमी, डिस्प्ले 1.0000. बिल पास झालं.

डेमोत मधला एकही आकडा दाखवला नव्हता. 0.6 मिमीला तोच डिस्प्ले 0.867 दाखवतो! कारण साधं आहे. कपॅसिटन्स गॅपच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, म्हणजे आलेख वक्र. आतल्या स्वस्त सर्किटने तो कपॅसिटन्स सरळ व्होल्टेजमध्ये बदलला आणि झीरो-स्पॅनचे (सुरुवात आणि पल्ला जुळवायचे) दोन पॉट, म्हणजे स्क्रू, फिरवून दोन टोकं जुळवली. टोकं जुळली, पोट सुटलं. चांगल्या अँप्लिफायरमध्ये प्रोबला ठरावीक एसी करंट देतात. मग व्होल्टेज आपोआप गॅपच्या सम प्रमाणात येतो.

खरी लबाडी मात्र केबलमध्ये. 8 मिमी व्यासाच्या इलेक्ट्रोडला 0.5 मिमी गॅपवर जेमतेम 0.9 पिकोफॅरड मिळतात. साध्या कोॲक्सची (मधली तार आणि भोवती एक जाळी असलेल्या केबलची) स्वतःचीच कपॅसिटन्स मीटरला सुमारे 100 पिकोफॅरड, म्हणजे 2 मीटरला 200. केबल वाकवल्यावर त्यात अर्धा टक्का फरक पडला, तरी तो अख्ख्या सिग्नलपेक्षा मोठा. म्हणून प्रोबला गार्ड रिंग (इलेक्ट्रोडभोवतीचं वेगळं कडं) आणि ट्रायॲक्स केबल (तारेभोवती एकात एक दोन शील्ड असलेली) लागते. मधल्या शील्डवर इलेक्ट्रोडइतकाच व्होल्टेज ठेवला की केबलची कपॅसिटन्स मोजमापात येतच नाही. आमच्या सेटचा कनेक्टर उघडला तर मधली तार आणि एक जाळी, बस्स. गार्ड रिंगसारखं दिसणारं कडं थेट अर्थला जोडलेलं!

पैसे देण्याआधी प्रोब घट्ट पकडून ठेवा आणि नुसती केबल हातात गुंडाळा. आकडा हलला तर तिथेच थांबा. हलला नाही तरी लगेच भुलू नका: काही सेटमध्ये ॲव्हरेजिंग इतकं जड ठेवतात की आकडा स्थिरच दिसतो. गॅप एकदम 50 मायक्रॉनने बदला. डिस्प्ले चार-पाच सेकंद रेंगाळत सरकला, तर ती स्थिरता उसनी आहे. मग पाच बिंदूंवर चढतं आणि उतरतं रीडिंग घ्या.

समोरचा जॉब अर्थ केलेला आणि इलेक्ट्रोडपेक्षा मोठा हवा, नाहीतर चांगला प्रोबही खोटं बोलतो. कूलंटचं तर नावच नको. 100 मायक्रॉन तेलाच्या थराने गॅप साधारण 55 मायक्रॉनने कमी दिसतो, आणि डीलर दोष तेलावर ढकलून मोकळा होतो.

कॅलिब्रेशन सर्टिफिकेटवर एनएबीएलचा (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचा) शिक्का होता, पण यूएलआर क्रमांक, म्हणजे त्या रिपोर्टचा स्वतंत्र ओळख क्रमांक, नव्हता. सीरियल नंबर फक्त अँप्लिफायरचा, प्रोबचा रकाना कोरा. प्रोब आणि चॅनेल जोडीनेच कॅलिब्रेट करतात, त्यामुळे प्रोब बदलला की तो कागद रद्दीच.