वाटणीआधी बाबांच्या घरावर काढलेलं कर्ज: ११ महिन्यांनंतर

बाबांच्या घरावर वाटणी व्हायच्या आधी कर्ज काढलं, त्याला ११ महिने झाले. गेल्या आठवड्यात घरावरचा बोजा उतरला, म्हणून आता लिहायला बसले. घाईत असलेल्यांसाठी आधीच सांगते: कर्ज कामाला आलं, जाहिरातीवरून वाटलं होतं त्यापेक्षा बरंच महाग पडलं, आणि सगळ्यात मोठं भांडण कर्ज देणाऱ्या कंपनीशी नाही, घरातच झालं.

मृत्युपत्राप्रमाणे घर आम्हा तिघा भावंडांचं, दादा, मी आणि धाकटा, सारख्या हिश्शाने. एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारी, मी. प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रावरची कोर्टाची मोहोर, हातात आलं होतं, पण बाबांची देणी, कर आणि शेवटचा हिशोब बाकी होता. म्हणजे घर आमच्या नावावर नाही, खर्च मात्र आमच्या डोक्यावर. जुन्या गृहकर्जाचे हप्ते थकले होते, छत गळत होतं. त्यात विम्याचा प्रश्न. बऱ्याच पॉलिसींमध्ये घर सलग ३० किंवा ६० दिवस रिकामं राहिलं की संरक्षण कमी होतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. पॉलिसी काढून वाचा, खरंच. घर आहे त्या अवस्थेत विकायचं तर ग्राहक गळकं छत दाखवून भाव पाडणार हे उघड होतं.

आधी धाकट्याने एकट्याने प्रयत्न केला होता. ‘माझा तिसरा हिस्सा तारण ठेवतो.’ कोणी दारात उभं केलं नाही. वाटप न झालेला हिस्सा म्हणजे नेमक्या कोणत्या खोल्या? तो विकून वसुली करायची कशी? त्यामुळे कर्ज मिळालं ते बाबांच्या मागे राहिलेल्या सगळ्या मालमत्तेच्या नावे, सही माझी, एक्झिक्युटर म्हणून, आणि सोबत बाकी दोघांची लेखी संमती. मूल्यांकन करणाऱ्याने बाजारभाव न धरता घाईत विकलं तर किती येतील ते धरलं आणि त्याच्याही निम्म्यापर्यंतच कर्ज मंजूर झालं. त्यातून बाबांचं जुनं कर्ज आधी फेडायचं ही अट होतीच.

सही करताना एक गोष्ट वकिलांनी पकडली. शेवटून दुसऱ्या पानावर माझा वैयक्तिक जामीन होता. घर विकून पैसे पुरले नाहीत तर उरलेले मी माझ्या खिशातून भरायचे! कर्ज मालमत्तेचं, तर जामीन माझा कशाला, असं विचारल्यावर कंपनीने फारशी खळखळ न करता ते कलम काढलं. विचारलं नसतं तर राहिलंच असतं.

आता दर. ‘महिना फक्त सव्वा टक्का.’ मी मनात वर्षाला १५ टक्के असं गणित केलं आणि गप्प बसले. प्रत्यक्षात काय झालं ते १०० च्या हिशोबात सांगते. प्रोसेसिंग फी ३, वकील आणि मूल्यांकन २, आणि पहिल्या तीन महिन्यांचं व्याज आगाऊ कापलं ते ३.७५. हातात आले ९१.२५. पुढचे आठ महिने मासिक हप्ता नव्हता, तेव्हा किती बरं वाटलं होतं! पण व्याज दर महिन्याला मुद्दलात मिसळत होतं, त्यामुळे १०० चे ११०.४५ झाले. मुदत नऊ महिन्यांची, ती वाढवून घ्यायला आणखी १. म्हणजे ९१.२५ वापरले आणि १११.४५ फेडले. अकरा महिन्यांत २२ टक्क्यांच्या वर.

यातले शेवटचे दोन महिने आमच्या चुकीने गेले नाहीत. कराच्या कागदांना लागेल तेवढा वेळ लागतो. मुदत कंपनी ठरवते, वाटप होणार सरकारी टेबलांच्या वेगाने, आणि मधल्या दिवसांचं व्याज आपलं. पुन्हा वेळ आली तर मला वाटतात त्याहून सहा महिने जास्तीची मुदत मागेन. मात्र लवकर फेडलं तर किमान किती महिन्यांचं व्याज घेणार, हे आधी विचारून.

आता घरातलं. मिळालेल्या रकमेतला साधारण तिसरा भाग मी धाकट्याला दिला, त्याची नड खरी होती. त्याला दुसऱ्या एका कंपनीकडून त्याच्या वारशावर आगाऊ रक्कम मिळत होती: आज १००, वाटप झाल्यावर त्याच्या हिश्शातून सरळ १४०, मग तीन महिने लागोत की तीन वर्षं. मी त्याला म्हटलं, वेडा आहेस का, यातूनच घे. दादाने कर्जाच्या संमतीवर सही केली होती. हिशोबाच्या वेळी मात्र म्हणाला, “त्याच्या नडीचं व्याज माझ्या वाट्यातून का?” बरोबरच होतं त्याचं. छत, विमा, जुनं कर्ज यांचं व्याज तिघांचं. धाकट्याच्या हातात गेलेल्या पैशांचं फक्त धाकट्याचं. हे आधी एका कागदावर लिहून तिघांनी सह्या करायला पाच मिनिटं लागली असती. नंतर पाच आठवडे लागले, आणि त्यातले दोन आठवडे दादा फोन उचलत नव्हता.

दादाने आणखी एक बोट ठेवलं, तेही मला खोडता आलं नाही. १४० वाली सोय महाग खरी, पण देणी फेडून हिश्शात काहीच उरलं नसतं, तर त्या करारात नुकसान त्या कंपनीचं होतं. मी धाकट्याचे पैसे वाचवले ते आमच्या दोघांच्या हिश्शाचा धोका पत्करून. आणि दादाला न विचारता.

तरी कर्ज काढल्याचा पश्चात्ताप नाही. छत दुरुस्त झालं, घर सावकाश दाखवता आलं, पडेल भावात द्यावं लागलं नाही. ग्राहकाच्या पहिल्या हप्त्यातून कर्ज फिटलं. पाचपैकी तीन तारे.

एक तारा मी बोजा उतरवण्यासाठी कापला. पैसे पोचल्याची पावती त्याच दिवशी आली, बोजा काढल्याचं पत्र सतराव्या दिवशी, माझ्या पाचव्या मेलनंतर. ते हातात आल्याशिवाय ग्राहकाचे वकील उरलेली रक्कम सोडायला तयार नव्हते. सव्वा टक्क्याचा हिशोब त्या सतरा दिवसांसाठी मीही करून पाहिला, पण तो पाठवायचा कोणाला?