आय-फाइव्ह 3470 साठी बदली मदरबोर्ड: नव्या एच-61 बोर्डाचा आठ महिन्यांचा अनुभव

निकाल आधीच सांगतो. ऑफिसच्या कामाला बोर्ड चालतोय. पण ‘सॉकेट जुळला म्हणजे बोर्ड जुळला’ एवढ्यावर खरेदी केली असती तर पैसे पाण्यात गेले असते. सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) जुळणं हा या सगळ्यातला सर्वांत सोपा भाग आहे.

मशीन असं आहे: इंटेल आय-फाइव्ह 3470, म्हणजे 2012 ची तिसरी पिढी, सॉकेट 1155, 77 वॉट. डीडीआर-थ्री रॅम 8 जीबी, साटा एसएसडी, मायक्रो-एटीएक्स कॅबिनेट. काम टॅली, ब्राउझर, बिलं छापणं, रोजचे नऊ-दहा तास. मूळ बोर्ड बी-75 चिपसेटचा (बोर्डावरची साटा, यूएसबी वगैरे सांभाळणारी मुख्य चिप) होता; एच-61 हाही असाच एक चिपसेट.

बोर्ड ‘डेड’ ठरवण्याआधी तासभर द्या. दुकानात ‘नो डिस्प्ले’ म्हणून आलेल्या मशीनचा बोर्ड बरेचदा चांगला असतो आणि दोष रॅमच्या पट्टीवर साचलेल्या काटात असतो, विशेषतः कोकणात पावसाळ्यानंतर. रॅम काढा, सोनेरी पट्टी खोडरबरने घासा, भुसा झटका, एकच रॅम लावून पाहा. सीमॉसचा सेल (बोर्डाचं घड्याळ आणि सेटिंग जपणारा गोल सेल) मल्टिमीटरवर 2.8 व्होल्टच्या खाली दाखवत असेल तर बदला. मग एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटातला वीजपुरवठ्याचा डबा: मेन स्विच चालू, मशीन बंद, अशा अवस्थेत 24 पिनच्या कनेक्टरमधल्या जांभळ्या वायरवर 5 व्होल्ट मिळायलाच हवेत. नाही मिळाले तर बोर्डाला दोष देऊ नका. जांभळी ठीक असेल तर कनेक्टर बोर्डावरून काढून हिरवी वायर काळीला जोडा; पंखा फिरला की पिवळीवर 12, लालवर 5 आणि नारिंगीवर 3.3 व्होल्ट पाहा. हे सगळं जागच्या जागी असूनही प्रोसेसर आणि एक रॅम एवढ्यावर मशीन उठत नसेल, तरच बोर्ड गेला म्हणा. प्रोसेसरजवळचे कपॅसिटर डोक्यावर फुगलेत का तेही बघून घ्या.

आता बाजार. 1155 साठी तीन वाटा आहेत. पहिली, जुना ब्रँडेड बी-75 किंवा एच-77 बोर्ड. दुसरी, नवाकोरा, फारसं नाव नसलेला एच-61. साधारण दोन ते तीन हजारांत खोकं, साटा केबल आणि मागची पत्र्याची पट्टी यांसकट मिळतो. तिसरी, कंपन्यांच्या ऑफिस-डेस्कटॉपमधून काढलेला बोर्ड. तो सर्वांत स्वस्त आणि सर्वांत फसवा.

तिसऱ्याचं आधी उरकतो. डेलच्या ऑप्टिप्लेक्स 3020 आणि 9020 मध्ये मुख्य पॉवर कनेक्टर 24 पिनचा नसून 8 पिनचा आहे, शिवाय त्यांचा सॉकेट 1150. आपला प्रोसेसर बसणारच नाही. 7010 ला 1155 सॉकेट आणि 24 पिन आहेत, पण पुढच्या पॅनेलचा कनेक्टर आणि पंख्याचा 5 पिनचा प्लग त्यांच्या घरचा. साध्या कॅबिनेटात तो बसवायचा म्हणजे पॉवर बटणापासून जुगाड सुरू, आणि तरीही सुरू होताना पंखा किंवा फ्रंट पॅनेल सापडत नाही म्हणून थांबून बसतो. क्यू-65, क्यू-67 आणि बी-65 चिपसेटचे बोर्डही अशा भंगारात बरेच येतात. इंटेलने या तिघांवर तिसऱ्या पिढीला अधिकृत आधार दिलेला नाही. सॉकेट तोच, प्रोसेसर बसतोही, पण डिस्प्ले येईल या भरवशावर घेऊ नका.

जुना ब्रँडेड बी-75 हाच खरा चांगला पर्याय. एक साटा पोर्ट 6 गिगाबिटचा, चिपसेटमधूनच यूएसबी 3.0, तिसऱ्या पिढीबरोबर ग्राफिक्स कार्डाला पीसीआयई 3.0. अडचण एवढीच की मुंबईत लॅमिंग्टन रोडला काय किंवा इतरत्र काय, मिळतो तो टेस्टिंग वॉरंटीवर, म्हणजे आठ-पंधरा दिवस. त्यात सॉकेटच्या पिना पाहून घेण्याची जबाबदारी आपली. सॉकेट उघडून मोबाइलचा टॉर्च अगदी तिरपा धरा आणि चारही बाजूंनी बघा. सरळ पिनांच्या टोकांवर प्रकाशाची एकसारखी जाळी दिसते. एखादी पिन वाकलेली असली की त्या जाळीत काळा ठिपका पडतो. हे न पाहता घेतलेल्या बोर्डावर नेमका एकच रॅम स्लॉट चालतो, आणि मग महिनाभर रॅम बदलत बसायची पाळी येते.

पसंतीचा बी-75 पिना वाकलेला निघाल्याने नवा एच-61 घेतला. या चिपसेटच्या मर्यादा कागदावर स्पष्ट आहेत: रॅमचे दोनच स्लॉट, जास्तीत जास्त 16 जीबी, चार साटा पोर्ट तेही 3 गिगाबिटचे, चिपसेटमध्ये यूएसबी 3.0 नाही. आणि ‘नवा’ हा शब्द जपून घ्या. इंटेलने हा चिपसेट बनवणं कधीच थांबवलंय. नव्या पाटीवरची ती चिप बहुधा जुन्या बोर्डावरून उतरवलेली असते. पाटी नवी, जीव जुना.

जुना 2011 चा एच-61 घेत असाल तर बायोसची (बोर्ड सुरू करणाऱ्या, त्याच्याच चिपमधल्या प्रोग्रामची) तारीख विचारा. तेव्हाचा बायोस फक्त दुसरी पिढी ओळखतो. 3470 लावला की पंखा फिरतो, डिस्प्ले नाही, आणि दुकानदार ‘प्रोसेसर गेलाय’ म्हणून मोकळा होतो. उपाय: पेंटियम जी-620 किंवा आय-थ्री 2100 तासाभरासाठी कुणाकडून तरी मागून आणा, बायोस अपडेट करा, मग आपला प्रोसेसर लावा. हल्ली बनलेल्या बोर्डांवर ही कटकट नाही; त्यांचा बायोस दोन्ही पिढ्या ओळखतो.

रॅमवर मात्र थोडं थांबायला हवं, कारण सर्वांत जास्त परतीचा माल इथेच होतो. 8 जीबीची डीडीआर-थ्री पट्टी दिसायला सारखी असली तरी तीन जातींची असते. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा इंटेल प्रोसेसर 4 गिगाबिटपर्यंतच्याच चिपा हाताळतो. म्हणून 8 जीबीच्या पट्टीवर 16 चिपा हव्यात, दोन्ही बाजूंना आठ-आठ. एकाच बाजूला आठ चिपा असतील तर त्या 8 गिगाबिटच्या आहेत; मशीन उठणार नाही. तिसरी जात म्हणजे ‘फक्त एएमडीसाठी’ म्हणून स्वस्तात विकली जाणारी पट्टी. तिच्यावरही 16 चिपा असतात, पण त्यांची आतली मांडणी वेगळी, इंटेलवर चालत नाही. नुसत्या चिपा मोजून ती ओळखता येत नाही, म्हणून आपल्याच बोर्डावर लावून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. 4 जीबीच्या दोन पट्ट्या घेतल्या तर हा गोंधळ जवळपास टळतो.

बसवताना या बोर्डाचा आकार नडतो. मायक्रो-एटीएक्सची पूर्ण रुंदी 24.4 सेंमी, हा बोर्ड 17 सेंमीवर संपतो. त्यामुळे उजव्या कडेच्या भोकांची रांगच नाही. कॅबिनेटच्या पत्र्यावरचे पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यांवर टेकतो ते छोटे खांब) आधी मोजा आणि ज्यांच्यावर बोर्डाचं भोक येत नाही ते काढून टाका. तिथेच राहिले तर बोर्डाच्या पाठीवरच्या सोल्डरला टेकून शॉर्ट होतो. रॅम आणि 24 पिनचा कनेक्टर नेमके त्या अधांतरी कडेवर आहेत. दाबताना पाटी डोळ्यांना दिसेल इतकी वाकते. म्हणून प्रोसेसर, कूलर, रॅम हे सगळं बोर्ड बाहेर टेबलावर, खोक्याच्या पुठ्ठ्यावर ठेवून बसवा. कॅबिनेटात गेल्यावर 24 पिनचा प्लग लावताना कडेखाली बोट धरा.

कूलर जुनाच चालतो, भोकांचं अंतर 75 मिमी, तेच. चार खिळ्या समोरासमोरच्या जोडीने दाबा आणि बोर्ड उलटून बघा: पांढऱ्या प्लॅस्टिकच्या फाकलेल्या पाकळ्यांमध्ये काळी खिळी पूर्ण उतरलेली दिसली पाहिजे. एक जरी अर्धवट राहिली तर बायोसमध्येच तापमान चढायला लागतं. प्रोसेसरला वीज देणाऱ्या मॉस्फेटवर या बोर्डात हीटसिंक नाही. त्यामुळे इंटेलचा मूळ, खाली हवा फेकणारा कूलरच ठेवा; उभ्या टॉवर कूलरने प्रोसेसर थंड राहील, पण शेजारचे मॉस्फेट कोरडे तापतील. याच कारणाने यावर आय-सेव्हन लावून दिवसभर व्हिडिओ रेंडर करणं मला पटत नाही.

फ्रंट पॅनेलच्या नऊ पिनांची मांडणी नेहमीचीच: 1-3 हार्डडिस्कचा दिवा, 2-4 पॉवरचा दिवा, 5-7 रीसेट, 6-8 पॉवर स्विच. बोर्डावरची छपाई इतकी बारीक की या आकड्यांवरच विसंबा.

विंडोज पुन्हा न टाकता जुनी एसएसडी जोडली. निळा पडदा आला तर पहिला संशय साटा मोडवर, म्हणजे बोर्ड डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलतो त्यावर. जुन्या बोर्डावर आयडीई होता की एएचसीआय, तोच मोड नव्या बायोसमध्ये ठेवा. दुसरा संशय बूट मोडवर: डिस्कची विभागणी जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर लेगसी, नव्या जीपीटी पद्धतीची असेल तर यूईएफआय. परवान्याचं म्हणाल तर मशीनबरोबर आलेला ओईएम परवाना बोर्डाला बांधलेला असतो. वेगळा (रिटेल) विकत घेतलेला परवाना नव्या बोर्डावर नेता येतो. तो आधीच मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडून ठेवला तर काम सोपं होतं. टॅलीचंही तसंच. जुना बोर्ड धुगधुगी धरून असेल तोवर लायसन्स सरेंडर करून घ्या, नंतर धावपळ नको. आणि हो, तिसऱ्या पिढीला विंडोज 11 अधिकृतपणे नाही, विंडोज 10 चा सर्वसाधारण आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. बोर्डावर पैसे घालण्यापूर्वी हे डोळ्यांसमोर असू द्या. लिनक्सवर जाणार असाल तर प्रश्नच नाही.

आठ महिन्यांत काय दिसलं? वेग जुन्यापेक्षा कमी, तो अपेक्षितच. तीच एसएसडी बी-75 वर सेकंदाला 500 एमबीच्या वर वाचत होती, इथे 270 च्या आसपास अडते. टॅली आणि ब्राउझरमध्ये फरक जाणवत नाही, मोठी फाइल कॉपी करताना जाणवतो. बोर्डावर एम-टू स्लॉट (पट्टीसारख्या एसएसडीची जागा) आहे आणि खोक्यावर त्याचीच जाहिरात, पण तो पीसीआयई 2.0 च्या एकाच लेनवर आहे. तिथे लावलेली एनव्हीएमई एसएसडी सेकंदाला 400 एमबीपलीकडे गेली नाही. खास त्यासाठी नवी डिस्क घेऊ नका.

खोक्यातला सीमॉस सेल तिसऱ्याच महिन्यात बसला. लक्षण मजेशीर: सकाळी बँकेची साइट ‘सुरक्षित नाही’ म्हणते, कारण घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलेलं असतं. नवा सीआर-2032 पहिल्याच दिवशी टाकावा. स्लीप मोडमधून मशीन चार-पाचदा उठलं नाही. स्लीप बंद करून टाकला. पंख्याचा वेग बायोसमधून नीट आवरता येत नाही, शांत खोलीत आवाज कानाला लागतो. नेटवर्क पोर्ट 100 मेगाबिटचाच आहे. दुकानातल्या दोन मशीनना बिलांची फाइल वाटून घ्यायला पुरतो.

एक दोष मात्र गंभीर. त्याच खेपेचा दुसरा बोर्ड त्याच नेटवर्कवर लावला तेव्हा दोन्हीचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) एकच निघाला. परिणाम म्हणजे आळीपाळीने एकाचं नेट जायचं. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर, नेटवर्क कार्ड, अ‍ॅडव्हान्स्ड, नेटवर्क अ‍ॅड्रेस इथे एकाला वेगळा पत्ता लिहिल्यावर सुटलं. विक्रेत्याने याबद्दल हात वर केले.

एलपीटी, म्हणजे प्रिंटरचा जुना पॅरलल पोर्ट, नाही. डॉट मॅट्रिक्सवर बिलं छापणाऱ्यांना यूएसबी-पॅरलल केबल लागेल. विंडोजच्या प्रोग्रामातून ती सरळ छापते. डॉसच्या जुन्या बिलिंगला प्रिंटर शेअर करून नेट यूज कमांडने एलपीटी-1 ला जोडावा लागतो.

मशीन बरोब्बर अर्ध्या तासाने आपोआप बंद होत असेल तर तापमान किंवा एसएमपीएस शोधत बसू नका. बायोस चिपमधला मॅनेजमेंट इंजिनचा (इंटेलच्या चिपसेटमधल्या अंतर्गत नियंत्रकाचा) भाग बिघडल्याचं ते लक्षण आहे, आणि बिननावाच्या बोर्डाला दुरुस्त फाइल कुठल्याच साइटवर मिळत नाही. म्हणून बोर्ड नीट चालत असतानाच बायोस चिपची पूर्ण नक्कल काढून ठेवा. सीएच-341ए प्रोग्रामर (चिप वाचणारं-लिहिणारं छोटं उपकरण) आणि त्याचा चिमटा काही शे रुपयांत येतो. सेल काढून, वीज तोडून, चिप दोनदा वाचायची, दोन्ही फाइली तंतोतंत सारख्या आल्या तरच जपायची, आणि ती ठेवलेली पेनड्राइव्ह कॅबिनेटातच आतल्या बाजूला चिकटवून टाकायची.