कार्बन निघाला, शीळ राहिली: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

इंजिनच्या इनटेक व्हॉल्व्हवरचा, म्हणजे हवा आत घेणाऱ्या झडपांवरचा, कार्बन मी साफ करून घेतला. त्याचा हा अनुभव मी तिसऱ्या महिन्यातच लिहायला घेतला होता आणि त्यात नुसतं कौतुक होतं. अर्धवट राहिला ते बरं झालं. चौथ्या महिन्यात गाडी शीळ घालायला लागली.

पण आधी मूळ दुखणं. डायरेक्ट इंजेक्शनचं टर्बो पेट्रोल इंजिन, चार सिलिंडर, रनिंग तेव्हा ७२,००० किलोमीटर. सकाळी थंड इंजिन सुरू केलं की पहिला अर्धा मिनिट गाडी हुडहुडी भरल्यासारखी थरथरायची. तापली की एकदम साळसूद. मग चेक इंजिनचा दिवा लागला. स्कॅनर लावला तर कोड पी०३०२, म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर, तिथे पेट्रोल नीट जळत नाही. दोन नंबरची कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारी) काढून तीनला लावून पाहिली, कोड दोनलाच चिकटून, म्हणजे कॉइल निर्दोष. प्लग नवे टाकले, थरथर तशीच.

सर्व्हिसवाल्यांनी लगेच निदान केलं: ‘कार्बन झालाय, मशीन लावून टाकू.’ मशीन म्हणजे पाण्यापासून हायड्रोजन-ऑक्सिजन बनवणारा तो डबा. त्याची नळी एअर इनटेकला जोडतात, इंजिन आयडलवर (गाडी उभी, पाय न देता) चालू ठेवतात आणि तुम्ही बाहेर बाकड्यावर बसून राहता. गाडी घरी आणली तर आयडल खरंच लोण्यासारखा. मी खूश. ओळखीच्या तिघांना फोन करून ‘करूनच घ्या’ म्हणालो. त्या तिघांची इथे माफी मागतो.

तीन आठवड्यांत थरथर परत, कोडही तोच. मग मी बिल नीट वाचलं. मशीनच्या ओळीखाली बारीक अक्षरात थ्रॉटल बॉडी (इंजिनात किती हवा जाईल ते ठरवणारी झडप) क्लीनिंग आणि आयडल लर्निंग. म्हणजे आयडल सुधारला तो थ्रॉटलच्या पाकळीवरचा काळा थर पुसल्यामुळे, आणि कौतुक गेलं डब्याला! तो गॅस पेट घेणार तर सिलिंडरच्या आत. इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीमागे, जिथे माझा कार्बन बसला होता, तिथे ज्योत असतेच कुठे? मी विचारलं, आधीचा आणि नंतरचा फोटो दाखवा. म्हणाले, ‘सर, फोटो नाही निघत, फरक फील होतो.’ फील होण्याचे पैसे मी मोजत नाही.

त्याआधी टाकीत क्लीनरच्या दोन बाटल्याही ओतून झाल्या होत्या. पीईएवाल्या, म्हणजे पॉलिइथरअमीन असलेल्या, ज्यांना सगळे चांगल्या म्हणतात त्या. चांगल्या असतीलही. इंजेक्टरचं तोंड आणि कंबश्चन चेंबर त्यांच्या टप्प्यात येतं. पण या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीला त्याचा थेंब लागत नाही. जुन्या पोर्ट इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलचा फवारा याच व्हॉल्व्हवर पडायचा, आपोआप धुलाई व्हायची. आता तिथे पोहोचतं ते मुख्यतः पीसीव्हीच्या नळीतून (ती इंजिनच्या खालच्या पेटीतले, म्हणजे क्रँककेसमधले, वायू परत इनटेकमध्ये सोडते) त्या वायूंबरोबर आलेलं ऑइलचं बाष्प. गरम व्हॉल्व्हवर बसतं, भाजतं, त्यावर पुढचा थर. टोयोटाने डी-४एस पद्धतीत दोन्हीकडे इंजेक्टर दिले, त्यात ही धुलाई परत मिळते. माझ्या गाडीत एकीकडेच आहेत. हे मला बाटल्यांच्या आधी कळायला हवं होतं. (डिझेलवाल्यांची कथा निराळी. तिथे ईजीआरची (जळलेला धूर थोडा परत इंजिनात सोडणारी सोय) काजळी आणि ऑइल मिळून मॅनिफोल्डमध्ये डांबर होतं. त्यांनी माझ्यावरून अंदाज बांधू नये.)

शेवटी दुसऱ्या गॅरेजमध्ये गेलो. तिथल्या माणसाने काही बोलण्याआधी इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटून देणारा नळ्यांचा जोड) काढला आणि पोर्टमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हकडे जाणाऱ्या हवेच्या वाटेत, बारकी कॅमेऱ्याची नळी घातली. स्क्रीनवर दोन नंबरचा व्हॉल्व्ह दिसला. दांड्याभोवती जळक्या तव्याची खरपुडी चढावी तसा काळा, भेगाळलेला गोळा. हवा आत जायला वाट राहिली होती ती एका कडेने. बाकीचेही काळे होते, पण दोन नंबर सगळ्यांचा बाप.

काम केलं अक्रोडाच्या टरफलांच्या भुग्याने. भुगा कॉम्प्रेसरच्या हवेने पोर्टमध्ये मारतात, त्याच तोंडाला व्हॅक्युम क्लीनर लावून ओढूनही घेतात. टरफल कार्बनला खरवडतं, पण धातूपेक्षा मऊ असल्यामुळे व्हॉल्व्हला ओरखडा पडत नाही. एक गोष्ट मी उभं राहून पाहिली आणि तुम्हीही पाहा: ज्या सिलिंडरवर काम चालू आहे त्याचे इनटेक व्हॉल्व्ह पूर्ण बंद हवेत, नाहीतर भुगा सरळ पिस्टनवर. तो माणूस दर वेळी क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने फिरवायचा, बॅटरी मारून आत बघायचा, मगच बंदूक हातात. आठ व्हॉल्व्हना (दर सिलिंडरला दोन इनटेक) अख्खा दिवस गेला. दोन नंबरला केमिकल घालून भिजवत ठेवावं लागलं. संध्याकाळी कॅमेऱ्यात धातूचा करडा रंग दिसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली फिरवली आणि काहीच झालं नाही, म्हणजे थरथर झाली नाही. पेट्रोलची वही मी पहिल्या दिवसापासून ठेवतो, टाकी फुल ते टाकी फुल. लिटरला १४.१ वरून १२.९ पर्यंत घसरलेलं मायलेज पुढच्या चार टाक्यांत १३.८ वर आलं. सगळं नाही परत आलं, पण वहीत आलं ते खरं. पिकअपबद्दल बोलत नाही, नुकते पैसे खर्च केलेल्या माणसाला पिकअप नेहमीच वाढलेला वाटतो.

आता शीळ.

चौथ्या महिन्यात आयडलवर बॉनेटखालून बारीक ‘सीऽऽ’ ऐकू यायला लागलं. बायको म्हणाली पंख्याचा आवाज असेल. मी एसी बंद केला, रेडिओ बंद केला, काचा खाली केल्या. शीळच. पंधरा दिवसांनी दिवा लागला, या वेळी पी०१७१, मिश्रण लीन, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. मोजमाप चुकवून कुठून तरी हवा आत शिरतेय. त्याच गॅरेजमध्ये इनटेकमध्ये धूर सोडून पाहिला तर मॅनिफोल्डच्या जोडातून, बरोबर एक नंबरच्या पोर्टपाशी, अगरबत्तीसारखी रेघ वर आली.

त्यांनी जुनीच गॅस्केट (जोडातून हवा गळू नये म्हणून बसवायचं रबर) परत बसवली होती. एवढं आठ तासांचं नाजूक काम, आणि रबराच्या चार कड्या वाचवल्या! मी ती मागून घेतली, आता समोर टेबलावर आहे. नवी गॅस्केट खाचेत बसवली की कड बाहेर डोकावते, बोट दाबलं की दबते, सोडलं की उठते. ही खाचेच्या काठाशी समतल झालीय, वरून चकचकीत आणि कडक. नखाने दाबली तर दबतच नाही. म्हणे, ‘काढली तेव्हा चांगली दिसत होती.’ काढली तेव्हा गाडीने ७२,००० किलोमीटर खाल्ले होते, दादा!

वाद दोन आठवडे चालला. शेवटी मजुरी त्यांनी सोडली, पण नव्या गॅस्केटचे पैसे माझ्याकडून घेतले. म्हणे, ‘ती तर पहिल्यांदाही तुमच्याच बिलात लागली असती.’ तर्क बरोबर आहे आणि म्हणूनच जास्त राग येतो. त्या वेळी विचारलं असतं तर मी नाही म्हणालो असतो का? (बायकोच्या मते, हो. एखादवेळी.)

आज रनिंग ८१,००० च्या पुढे गेलंय. थंड स्टार्ट शांत, दोन्ही कोड परत आलेले नाहीत, मायलेज १३.७ ते १३.९ च्या मध्ये. व्हॉल्व्हवर थर पुन्हा चढायला सुरुवात झालीच असणार, पीसीव्ही काही बंद केलेली नाही. ऑइल कॅच कॅन (पीसीव्हीच्या वायूंतलं ऑइल वाटेतच अडवून साठवणारा डबा) लावावा का, हा विचार डोक्यात आहे, पण त्यात साठलेलं मीच आठवणीने ओतणार का, याची खात्री नाही.

तर काम करून घ्यायचं असेल तर कॅमेऱ्याचे आधीचे आणि नंतरचे फोटो आठही व्हॉल्व्हचे मागा. आणि मॅनिफोल्ड उघडायच्या आधी एस्टिमेटवर गॅस्केटची ओळ आहे का ते बघा. नसेल तर पेन काढून स्वतः लिहा. माझ्या एस्टिमेटची झेरॉक्स मी नंतर पाहिली. त्यात इंजिन कव्हरच्या प्लास्टिक क्लिपा होत्या, चार नग.