मारालुंगा की कामालेओंदा: रोजच्या बसण्यासाठी कोणता सोफा?

घरात संध्याकाळी सोफ्यावर कोण कसं बसतं ते आधी आठवडाभर बघून ठेवा. पाठ टेकून तासभर वाचणारं कोणी आहे, की सगळे पाय वर घेऊन आडवे होतात? मारालुंगा आणि कामालेओंदा हे दोन्ही सोफे सत्तरच्या दशकातल्या इटलीचे, दोन्ही आजही बनतात आणि दोन्ही महागच. पण एक बसण्यासाठी आहे, दुसरा लोळण्यासाठी.

माझं मत आधीच सांगते: रोजच्या वापराला मारालुंगा.

डिझायनर विको माजिस्त्रेत्ती यांनी तो 1973 मध्ये कासिना कंपनीसाठी केला. त्याच्या पाठीचा वरचा भाग खाली दुमडलेला असतो, तेव्हा सोफा ठेंगणा आणि गुबगुबीत दिसतो. तोच भाग हाताने वर उचलला की मान आणि डोकं टेकायला जागा होते. बटण नाही, वीज नाही. आत सायकलची साखळी वापरून केलेली साधी यंत्रणा आहे. नमुना पाहताना चेझारे कासिना यांनी रागाने पाठीवर ठोसा मारला, पाठ मोडून खाली बसली आणि माजिस्त्रेत्तींना तोच आकार आवडला, असा किस्सा सांगितला जातो. 1979 मध्ये या सोफ्याला कोंपासो द'ओरो हा इटलीतला डिझाइनचा मोठा पुरस्कार मिळाला.

मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की प्रत्येक जागेची पाठ वेगळी हलते. उंच माणसाने आपल्यापुरती वर घ्यावी, शेजारच्याने खालीच ठेवावी. टीव्ही बघताना मान अवघडते ती डोक्यामागे काही नसल्यामुळे, आणि बहुतेक देखण्या सोफ्यांची पाठ खांद्यापाशीच संपते. इथे तो प्रश्नच उरत नाही.

कामालेओंदा मारिओ बेल्लिनी यांचा, 1970 चा. तेव्हा कंपनीचं नाव सी अँड बी होतं, आता बी अँड बी इटालिया. नावात सरडा आणि लाट असे दोन इटालियन शब्द जोडलेत, आणि ते सार्थ आहे. बैठक, पाठ, हात असे सुटे भाग तारा, हुक आणि कड्यांनी एकमेकांना अडकवायचे. आज लांब सोफा, उद्या कोपऱ्यातला, पाहुणे आले की दोन तुकडे समोरासमोर. मधली कित्येक वर्षं तो बनत नव्हता. 2020 मध्ये पुन्हा आला. जागा भरपूर असेल आणि घरात मुलं असतील तर त्याच्यासारखी मजा दुसऱ्या कशात नाही. मांडी घालून बसणाऱ्यांना तर तो आपल्या गादी-तक्क्यांच्या बैठकीसारखाच वाटेल. सुटे भाग असल्यामुळे लिफ्टमधून, अरुंद जिन्यावरून नेणंही सोपं.

अडचण उठताना येते. बैठक खाली आणि मऊ आहे. गुडघे दुखणाऱ्या आईला किंवा सासऱ्यांना त्यातून उठायला कोणाचा तरी हात लागेल. दुसरी गोष्ट स्वच्छतेची. गादीवर टाचून केलेल्या खळग्यांमध्ये शेव-चिवड्याचे कण जाऊन बसतात आणि ते काढताना जीव जातो.

धुण्याची काळजी फार असेल तर आरफ्लेक्स कंपनीचा स्ट्रिप्स हा सोफाही बघा. इटालियन डिझायनर चीनी बोएरी यांनी त्याला रजईसारखं जाड कव्हर दिलं, ते चेन उघडून काढता येतं. दिसायला तो या दोघांइतका भारदस्त नाही, पण सोयीचा विचार त्यात पुरेपूर आहे.

आफ्रा आणि तोबिया स्कार्पा यांचा 1969 चा सोरियाना हा सोफा मला फार आवडतो. कापडाच्या सैल चुण्या आणि त्यांना धरून ठेवणारी चकचकीत धातूची पकड! पण त्यात माणूस रुततो. कंबरदुखी असलेल्यांनी तो दुरूनच बघावा.

कापड की चामडं? कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात चामड्याला बुरशी धरते, म्हणून मी कापडच सुचवेन. दुकानात जाताना पुस्तक सोबत न्या आणि निदान अर्धा तास बसा. पाठ टेकल्यावर तळवे जमिनीला लागतात का ते बघा. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला नक्की न्या आणि आधार न घेता उठायला सांगा.

सत्तरच्या दशकातला जुना नग मिळत असेल तर आधी फोम दाबून बघा. तो फोम वयानुसार कोरडा पडतो आणि त्याचा भुगा होतो. बोटाला पिवळट भुकटी लागली तर सगळा फोम बदलावा लागेल. जुन्या मारालुंगाची पाठ चार-पाच वेळा वर-खाली करा. वर घेतलेली पाठ हात सोडल्यावर आपोआप खाली येत असेल तर आतल्या यंत्रणेचं काम निघालंय, तो खर्च किमतीतून वजा करून मागा.