मिस ब्राऊनचा लाल भात आणि बाकी सगळं

टीव्हीवरचे स्वयंपाकाचे कार्यक्रम मला फारसे सोसत नाहीत. एक तर घड्याळ लावून स्पर्धा, नाहीतर पांढऱ्याशुभ्र ओट्यामागे एकटी बाई, कॅमेऱ्याकडे बघून डोळे मिटणारी. केलेलं खायला घरात कुणी आहे की नाही, पत्ता लागत नाही. म्हणून फूड नेटवर्क या अमेरिकन वाहिनीवरच्या 'डिलिशस मिस ब्राऊन'चं मी एवढं कौतुक करते, याचं आमच्या घरातही नवल आहे.

कार्डिया ब्राऊन साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्सटनची. कार्यक्रम 2019 मध्ये सुरू झाला आणि त्याचं बिऱ्हाड चार्ल्सटनजवळच्या एडिस्टो बेटावरचं. त्याआधी ती समाजकार्याच्या नोकरीत होती. ती सोडून तिने 'न्यू गल्ला सपर क्लब' काढला, म्हणजे गावोगावी जाऊन आपल्या माणसांचं जेवण लोकांना पंगतीत बसवून वाढायचं. हॉटेलच्या स्वयंपाकघरात घडलेली ही बाई नव्हे, हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं. सुरी चालवताना ती वेग दाखवायला जात नाही. कांदा आपण चिरतो तसाच चिरते, थोडा जाड, थोडा बारीक. आणि बोलताना समोरच्या माणसाचं ऐकून घेते. ही सवय बहुधा जुन्या नोकरीतली असावी, पण टीव्हीवर ती दुर्मिळ आहे.

ती गल्ला गीची समाजातली. नॉर्थ कॅरोलिनापासून फ्लोरिडापर्यंतच्या किनाऱ्यावर आणि बेटांवर भात, नीळ आणि कापसाच्या मळ्यांत राबवण्यासाठी पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांचे हे वंशज. बेटांना पूल झाले ते बरेच उशिरा, विसाव्या शतकात. त्यामुळे त्यांची भाषा टिकली आणि चूलही टिकली. 2006 मध्ये अमेरिकन काँग्रेसने हा सगळा किनारपट्टा राष्ट्रीय वारसा पट्टा म्हणून जाहीर केला. मी अमेरिकेत येऊन इतकी वर्षं झाली, पण 'सदर्न फूड' म्हणजे लोणी, तळलेली कोंबडी आणि आणखी लोणी एवढंच माझ्या डोक्यात बसलं होतं. त्याला टीव्हीच कारण. इथे 2002 पासून पॉला डीनचा कार्यक्रम गाजला, जॉर्जियाची ती बाईही गप्पिष्ट आणि घरगुतीच होती, पण लोण्याच्या कांड्या तिच्या नावाला जन्माच्या चिकटल्या. मिस ब्राऊनच्या ओट्यावर लोणी कमी असतं असं नाही. पण तिच्याकडे त्याच्या शेजारी भेंडी असते, चवळी असते, कोळंबी असते, खेकडे असतात आणि मुख्य म्हणजे भात असतो.

मी मालवणची. भात नसेल तर ते जेवण नव्हे, अशा घरात वाढले. त्यामुळे पहिल्यांदा तिला रेड राइस करताना पाहिलं तेव्हा हातातली इस्त्री बाजूला ठेवली. लाल भात म्हणजे तांदूळ लाल नव्हे, टोमॅटोने लाल झालेला. आपल्या टोमॅटोभाताचा लांबचा भाऊ म्हणा, पण स्वभावाने धुरकट आणि खारट. बेकनची चरबी सुटू द्यायची, त्यात कांदा आणि ढोबळी मिरची, मग टोमॅटो पेस्ट. इथे घाई करायची नाही. पेस्टचा भडक रंग जाऊन ती विटकरी होईपर्यंत, तेल सुटेपर्यंत परतायची. तांदूळ घालून प्रत्येक दाण्याला ती लागेल असं हलवायचं. पाणी नेहमीपेक्षा कमी, कारण पेस्टमध्ये ओल असतेच. मग भांडं घट्ट झाकून ओव्हनमध्ये. शेवटी डाव घालून ढवळायचं नाही, काट्याने मोकळा करायचा. दाणा दाण्याला चिकटला की या किनाऱ्यावरच्या आज्या नाक मुरडतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

आमच्याकडे डुक्कर चालत नाही, म्हणून मी स्मोक्ड टर्की घालते. त्याने भागतं. इकडच्या कितीतरी घरांत पालेभाजीतही हल्ली तीच असते. बासमतीच्या वाटेला मात्र जाऊ नका. तिचा वास मध्येमध्ये येतो आणि सगळं पुलाव असल्याचं भासतं. साधा अमेरिकन लाँग ग्रेन घ्या.

भाताबद्दल मिस ब्राऊन सांगते ते थोडं आहे, पण नेमकं आहे. साउथ कॅरोलिना एकेकाळी भातावर गबर झालं. खाडीच्या भरती-ओहोटीवर चालणारे बांध आणि दरवाजे बांधून ती शेती केली ती पश्चिम आफ्रिकेतल्या भातपट्ट्यातून आणलेल्या माणसांनी, कारण भात त्यांना ठाऊक होता, मालकांना नव्हता. चार्ल्सटनच्या बाजारात स्वीटग्रासच्या टोपल्या विकायला असतात, आता शोभेच्या म्हणून शेकडो डॉलरना जातात. त्यांचा जुना प्रकार म्हणजे भात पाखडायची पसरट टोपली. मी एकदा तिथे एका आजींच्या दुकानासमोर अशी टोपली हातात घेऊन नकळत मनगटाने झटका दिला. आजी हसल्या आणि त्यांनी आपल्या हाताने तोच झटका देऊन दाखवला. किंमत विचारून मी ती परत ठेवली, ही गोष्ट वेगळी.

श्रिम्प अँड ग्रिट्स हा या किनाऱ्यावरचा दुसरा मोठा पदार्थ. ग्रिट्स म्हणजे मक्याचा जाडसर रवा, पाण्यात किंवा दुधात मंद आचेवर शिजवलेला. मूळचा हा कोळ्यांचा नाश्ता. सकाळी जाळ्यातून आलेली कोळंबी, वर थोडी ग्रेव्ही, काम झालं. आता चार्ल्सटनच्या नावाजलेल्या हॉटेलांत त्याला पंचवीस-तीस डॉलर मोजावे लागतात, वर कसलासा फेस आणि एक पान ठेवलेलं असतं. मिस ब्राऊन तो पुन्हा घरी आणते. ग्रिट्स तळाला लागू नयेत म्हणून ढवळत राहायचं आणि कोळंबी शेवटी, वळली की लगेच खाली. कोळंबी जास्त शिजवली की रबर होते हे आम्हा किनाऱ्यावरच्यांना शिकवायला नको, पण टीव्हीवरच्या निम्म्या लोकांना ते कुणीतरी सांगायला हवं.

माझ्या मते कार्यक्रमाचा जीव आहे तो तिची आई आणि आजी येतात त्या भागांत. एरवी ओट्यावर राज्य करणारी ही बाई आजी आली की जरा सरकून उभी राहते. आजी काही बोलली की आपलं चाललेलं थांबवून ऐकते. हा पदार्थ कुणाकडून आला, कुणाच्या हातचा, हे ती दर वेळी सांगते आणि त्यात नाटक वाटत नाही. 'माझी खास पाककृती' असं म्हणून आजीचा पदार्थ स्वतःच्या नावावर खपवणारे मी मराठीतही पुष्कळ पाहिले आहेत, नावं घेत नाही. एडिस्टोवरच एमिली मेगेट नावाच्या आजी होत्या, आयुष्यभर इतरांच्या घरी अंदाजाने स्वयंपाक केला, आणि नव्वदीला टेकल्यावर 2022 मध्ये त्यांचं पुस्तक आलं. पुढच्या वर्षी त्या गेल्या. त्या पिढीच्या हातचं पडद्यावर नीट पोचवणारं कुणी हवं होतं. कार्डिया ते काम करते, आणि आपण फार मोठं कार्य करतोय असा आव न आणता करते.

गेल्या उन्हाळ्यात सासूबाई आमच्याकडे नॉर्थ कॅरोलिनात, शार्लटला आल्या होत्या. इंग्रजीचं आणि त्यांचं जमत नाही. पण दुपारी मी हा कार्यक्रम लावला की भाजी निवडत समोर बसायच्या. एकदा मिस ब्राऊन मासे तळत होती. मक्याच्या पिठात घोळवलेल्या फिलेच्या तुकड्या. सासूबाई पुढे सरकल्या आणि थेट टीव्हीला म्हणाल्या, "तेल बरां तापांदे गो!" मग माझ्याकडे वळून, "काटो खंय गेलो ह्या माशाचो?" काटा नसलेला मासा हा त्यांच्या लेखी मासाच नव्हे. पण तुकडी कढईत पडल्यावर चुर्र आवाज आला तेव्हा मान डोलावली, म्हणजे पास. दुसऱ्या दिवशी मक्याचं पीठ वापरून पाहूया असं त्यांनीच सुचवलं. खरं सांगायचं तर रव्यापेक्षा ते जास्त वेळ कुरकुरीत राहतं. हे मालवणात सांगू नका.

आता तक्रारी. गोड पदार्थ फार आणि फार गोड. मिस ब्राऊनचे केक, सारण भरलेले 'पाय', पुडिंगं मी हल्ली पुढे ढकलते. साखर निम्मी केली तरी आपल्या जिभेला पुरून उरते. मसाल्यांत लसूण पावडर, कांदा पावडर, पेपरिका यांचं तिचं एक घरचं मिश्रण आहे आणि ते कशातही पडतं. त्यामुळे एका बैठकीत सलग भाग पाहिलेत तर सगळ्याची चव एकच असणार असं वाटू लागतं. जेवायला येणाऱ्या मैत्रिणींच्या गप्पाही काही वेळा घोटून आणलेल्या वाटतात. पहिल्या घासाला सगळ्यांनी एकदम डोळे विस्फारायचे, हे अमेरिकन टीव्हीचं दुखणं इथेही आहेच.

यापेक्षा मोठी खंत वेगळी आहे. अर्ध्या तासाचा कार्यक्रम, जाहिराती वगळून जेमतेम वीस-बावीस मिनिटं, त्यात तीन-चार पदार्थ आणि वर पार्टी. इतिहास दोन वाक्यांत उरकतो. या बेटांवर कितीतरी कुटुंबांच्या जमिनी पिढ्यान् पिढ्या मृत्युपत्राशिवाय सामाईक राहिल्या, आणि मग एका वारसाचा हिस्सा विकत घेऊन कोर्टातून सगळी जमीनच विक्रीला काढायची, असं करून त्या गेल्या. यांतल्याच हिल्टन हेड बेटावर आज गोल्फची मैदानं आहेत. मी पाहिलेल्या भागांत हा विषय आला नाही. स्वयंपाकाच्या कार्यक्रमाकडून किती अपेक्षा करायची हा प्रश्न आहेच, पण ज्या मातीतली भेंडी आपण कौतुकाने पाहतो ती माती कुणाच्या ताब्यात आहे, हे एखाद्या भागात आलं असतं तर बरं झालं असतं. तिला ते सांगता येईल, एवढा तिच्यावर विश्वास बसतो म्हणून बोलते.

शाकाहारी मंडळींसाठी: घाबरू नका, पण सांभाळून. नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी दक्षिणेत हॉपिन जॉन खातात, म्हणजे चवळी आणि भात. चवळी म्हणजे नाणी, सोबतची कोलार्डची पालेभाजी म्हणजे नोटा, असा समज. मूळ कृतीत डुकराचं मांस असतं, ते काढून थोडं स्मोक्ड पेपरिका आणि जरा जास्त कांदा घातला तर झकास होतं. आम्ही आता दर 1 जानेवारीला करतो. नोटा काही वाढलेल्या नाहीत. भेंडी-टोमॅटोचं ओक्रा सूपही मांसाशिवाय जमतं. भेंडीचा बुळबुळीतपणा ज्यांना चालत नाही त्यांनी मात्र लांब राहावं, कारण तिथे तो घालवायचा नसतो, त्यानेच रस्सा दाट होतो. आणि रस्त्याकडेला मिळणाऱ्या उकडलेल्या शेंगा. साउथ कॅरोलिनाने 2006 मध्ये त्यांना राज्याचा अधिकृत स्नॅक केलं. ओल्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून खाणं हा आपलाच शोध असं समजणाऱ्या माझ्या नवऱ्याला ही बातमी अजून पचलेली नाही.

कार्डियाचं पुस्तकही 2022 मध्येच आलं. फोटो सुंदर आहेत, कृती चुकत नाहीत, पण मी टीव्हीलाच पसंती देईन. पेस्ट नेमकी किती विटकरी, हे छापील पानावर कळत नाही.

नव्याने पाहणार असाल तर आजी असलेले भाग आधी निवडा, मग खेकडे-कोळंबीचे, मग भाताचे. सणावारांचे खास भाग शेवटी ठेवा, त्यांत सजावटच जास्त. जुने भाग डिस्कव्हरी प्लसवर सापडतात. आणि पाहायला बसण्यापूर्वी कुकर लावून ठेवा, कारण अर्ध्या तासाने भूक लागणार आणि त्या वेळी घरात टोमॅटो पेस्ट नसणार.