बाबांच्या पार्करची निब: जुनं पेन दुरुस्तीला देण्याआधी वाचा

माझ्या बाबांच्या पेनातली सोन्याची निब कुणीतरी काढून घेतली, तिच्या जागी मुलाम्याची बसवली, आणि मला ते पाच महिने कळलं नाही. उलट त्या पाच महिन्यांत मी त्या माणसाचं कौतुक करत फिरले. शाळेतल्या दोघींना त्याच्याकडे पाठवलं. म्हणून हे लिहिणं मला भाग आहे.

बाबा नागपुरात सिव्हिल लाइन्सला महालेखाकार कार्यालयात होते. १९६८ साली मामांनी त्यांना परदेशातून पार्कर ४५ आणून दिलं. हे काही श्रीमंतांचं पेन नव्हे. पार्करने ते १९६०मध्ये काढलं, विद्यार्थ्यांना आणि नोकरदारांना परवडावं म्हणून. त्यात शाईचं कार्ट्रिज, म्हणजे काडतूसच, बसतं; म्हणून पिस्तुलाच्या नावावरून ४५ हे नाव पडलं असं सांगतात. चार दशकांहून अधिक काळ ही पेनं बनत होती, त्यामुळे जुनी पेनं आजही फार महाग पडत नाहीत. काहींना स्टीलची निब असते, काहींना स्टीलवर सोन्याचा मुलामा, आणि काहींना अस्सल १४ कॅरेटची. बाबांची १४ कॅरेटची होती. फसवणुकीला जागा इथेच होती, कारण या तिन्ही निबा एकमेकींच्या जागी तंतोतंत बसतात. पेन तासभर पाण्यात ठेवायचं, निब आणि तिच्याखालचं फीड, म्हणजे निबला शाई पोचवणारा भाग, चिमटीत धरून फिरवायचं, की सगळा जोड स्क्रूसारखा बाहेर येतो. अदलाबदलीला दोन मिनिटं पुरतात.

बाबा २०१९मध्ये गेले. तेव्हा मी पेन धुऊन ठेवलं आणि भाच्याने आठवण म्हणून त्याचे मोबाइलवर फोटो काढले. एक निबचा, अगदी जवळून. ते फोटो पुढे कामाला येतील असं तेव्हा मनातही नव्हतं.

नंतर मी त्याच पेनाने वह्या तपासायला लागले, पण ते माझ्या हाताला येईना. बाबा पेन किंचित डावीकडे कलवून धरत. पन्नास वर्षं तसं लिहून निबच्या टोकाला डाव्या बाजूने एक सपाट पैलू पडला होता. त्यांच्या हातात ती सरसर चालायची, माझ्या हातात त्या पैलूची कड कागदात रुतायची. ‘श’ काढताना तर हमखास खरखर. तरी त्या पैलूमुळे माझ्याही अक्षरात उभी रेघ थोडी जाड यायची, जशी त्यांची यायची. ते मला आवडत होतं.

२०२४च्या डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाच्या गर्दीत बर्डीवरच्या एका लॉजमध्ये एक पेनवाला उतरला होता. बाहेरगावचा माणूस, दर काही महिन्यांनी येतो, जुनी पेनं विकतो, निब ‘ट्यून’ करून, म्हणजे नीट चालेल अशी सारखी करून देतो, असं कुणीतरी सांगितलं. खोलीत पलंगावर मखमली पेट्या उघडून ठेवलेल्या. बोलणं गोड, ज्ञान खरं. पेनांबद्दल त्याला माहिती होतीच, ते मी आजही नाकारत नाही. बाबांचं पेन भिंगाखाली धरून तो म्हणाला, “मॅडम, झीज आहे. लिहिणाऱ्याचा हात डावीकडे कललेला होता.” एका नजरेत त्याने बाबांचा हात ओळखला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि माझा विश्वास बसला तो तिथेच.

“आज गर्दी आहे, उद्या सकाळी घेऊन जा,” तो म्हणाला. मी पेन ठेवून आले. पावती मागितली नाही. सहाशे रुपये यूपीआयने दिले. पैसे भलत्याच नावाच्या खात्यावर गेले, तेही मी पाहिलं आणि सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी पेन लोण्यासारखं चाललं. कुठल्याही कोनातून, कुठल्याही दिशेने. मी भारावून त्याच्याकडून आणखी एक पेन घेतलं, एबोनाइटचं, ड्रॉपरने शाई भरायचं, ‘पन्नासच्या दशकातलं’, अठराशे रुपयांना. उभी रेघ आता जाड येत नव्हती. मनात म्हटलं, पैलू घासला गेला, दुरुस्तीची ही किंमत असेल. खरं तर शंका यायला हवी होती ती नेमकी तेव्हा. पन्नास वर्षांची झीज घासून सारखी करायची तर टोकावरचा बराच धातू उडवावा लागतो. चांगला कारागीर तसं करत नाही. तो फक्त पैलूची धार मोडतो, झीज तशीच राहू देतो.

मे महिन्यात सुट्ट्या लागल्या आणि पेन आठवडाभर टेबलावर पडून राहिलं. आपल्याकडच्या मेमध्ये पारा पंचेचाळिसाच्या घरात गेला की पेनातली शाई सुकून खडा होते, हे इथे पेन वापरणाऱ्या कुणालाही सांगायला नको. मी ते साध्या पाण्यात भिजवलं (गरम पाण्यात कधीच टाकू नका, प्लास्टिक वाकतं आणि एबोनाइट विटतं), निब फिरवून बाहेर काढली आणि फडक्यावर ठेवली. निबच्या मधोमध जी चीर असते, तिच्या दोन्ही कडांवर पिवळा रंग संपून आत पांढरा धातू दिसत होता. केसाएवढी पांढरी रेघ. सोनं आरपार सोनं असतं, त्याच्या आत पांढरं निघत नाही.

भाच्याकडून तो जुना फोटो मागवला. त्यात निबच्या अंगावर ‘पार्कर’ आणि ‘१४ के’ स्पष्ट आहे. माझ्या हातातल्या निबवर कॅरेटचा छाप कुठेच नव्हता. टोकाला पैलू नव्हता. मी फोटो आणि निब शेजारी ठेवून किती वेळ पाहत बसले, कोण जाणे.

त्याला फोन केला. पहिल्यांदा म्हणाला, “मॅडम, तुमची हीच निब होती.” फोटो पाठवल्यावर म्हणाला, “हा फोटो दुसऱ्या पेनाचा असेल.” तिसऱ्यांदा फोन लागलाच नाही. लॉजवर गेले, तर मॅनेजर म्हणाले, “ताई, रजिस्टर आम्ही असं कोणालाही दाखवत नाही नं.” त्यांचंही बरोबरच होतं. शेजारच्या वकीलकाकांनी सांगितलं की दुरुस्तीला विश्वासाने दिलेली वस्तू हडपणं हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेत ३१६ कलम त्यासाठीच आहे. पण लगेच विचारलं, “बेटा, तू त्याला काय दिलं होतंस, हे कागदावर कुठे आहे?” कुठेच नव्हतं. बिल असतं तर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवरही तक्रार नीट मांडता आली असती.

मग मी ते अठराशेचं एबोनाइट पेन काढलं. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. वर्षानुवर्षांच्या उजेडाने आणि दमटपणाने काळं एबोनाइट तपकिरी पडतं, आणि हा तपकिरी रंग दाखवूनच त्याने मला ते जुनं म्हणून विकलं होतं. पण टोपणाखाली झाकला गेलेला भाग? तिथे उजेड पोचतच नाही. खऱ्या जुन्या पेनात टोपण काढलं की आतला भाग बाहेरच्यापेक्षा काळा दिसतो. माझं पेन टोपणाखालीही तेवढंच तपकिरी होतं, अगदी आट्यांपर्यंत. नवं पेन गरम पाण्यात बुचकळून ‘जुनं’ केलेलं.

ज्या दोघींना मी पाठवलं होतं, त्यांतल्या एकीला काही विकलं गेलं नव्हतं, ती वाचली. दुसरीने नवऱ्याचं जुनं पेन ट्यून करून घेतलं होतं. तिचं ऐकून मला स्वतःच्या नुकसानापेक्षा जास्त वाईट वाटलं. पहिले दोन महिने मस्त चाललं, मग कागद ओरबाडायला लागलं. दहापट भिंगातून पाहिलं तर टोकावर मणीच नाही. निबच्या टोकाला अतिशय कठीण मिश्रधातूचा बारीक मणी जोडलेला असतो, जुने लोक त्याला इरिडियम म्हणतात. सोनं मऊ, स्टीलही कागदावर झिजतं, लिहिण्याची झीज सोसतो तो हा मणीच. त्याने तो घासून घासून संपवला होता. उघडं धातूचं पातं काही आठवडे गुळगुळीत चालतं, मग झिजतं. नवा मणी जोडता येतो, पण ते काम करणारे फार थोडे, आणि त्यांचा खर्च पेनाच्या किमतीच्या वर जातो.

त्यानंतर मी ट्यूनिंग स्वतः शिकले, स्वस्तातल्या पेनांवर. हिरो ६१६, वॅलिटी, कॅमलिनची जुनी पेनं. ते इथे सांगते, कारण काम किती छोटं असतं हे कळलं की कुणी “उद्या या” म्हटल्यावर तुम्ही थबकाल.

निब उजेडाकडे धरायची आणि भिंगातून तिच्या टोकाकडे समोरून पाहायचं, जणू ती तुमच्याकडेच रोखलेली आहे. चिरेने टोकाचे दोन दाते केलेले दिसतात. ते एका पातळीत हवेत. बहुतेक खरखरणाऱ्या पेनांत एक दाता केसभर वर किंवा खाली असतो, आणि त्याची आतली कड कागद खरवडते. जो दाता वर आहे त्याला नखाने वरून अलगद दाबायचं, क्षणभर, आणि पुन्हा पाहायचं. जोर नाही, घाई नाही. शाई कमी उतरत असेल तर चिरेतून पितळेची अतिपातळ पट्टी, ०.०५ मिलिमीटरची, हळू सरकवून आत अडकलेला गाळ काढायचा. पहिल्यांदा मी एक दाता नीट बसवला आणि त्याच पेनाने ‘क्षमा’ लिहिलं, तेव्हा ‘क्ष’च्या गाठीत पेन अडलं नाही. त्या आनंदाची तुलना मला करता येत नाही.

घासणं सगळ्यात शेवटी, आणि तेही लागलंच तर. बारा हजार नंबरच्या मायक्रोमेशवर, म्हणजे अतिशय बारीक पॉलिश कागदावर, निबमध्ये शाई असताना, वजन न देता इंग्रजी आठचे पाच-सहा आकडे काढायचे, पुसायचं, कागदावर लिहून पाहायचं. जास्त घासलं तर दात्यांच्या आतल्या कडा गोल होतात, चीर कागदापासून उचलली जाते आणि प्रत्येक शब्दाची पहिली रेघ कोरी जाते. म्हणून काचेसारखं गुळगुळीत पेन पाहून भुलू नका. चांगल्या निबला कागदाचा किंचित स्पर्श जाणवतो.

विकणाऱ्याकडे पेन पाहताना दोन गोष्टी मी आता सोडत नाही. तो पेन शाईत बुडवून लिहून दाखवत असेल तर त्यावर विश्वास ठेवत नाही. बुडवल्यावर कुठलीही निब दोन ओळी लिहिते. आतली रबरी पिशवी कडक झालेली असेल, फीड तुंबलेलं असेल, तर ते पेन भरल्याशिवाय आणि पानभर लिहिल्याशिवाय कळत नाही. आणि मी माझा कागद नेते, मुलांच्या साध्या वहीचं पान. त्यांच्या चकचकीत जाड कागदावर सगळंच सरसर चालतं. चुंबकाच्या चाचणीवर मात्र विसंबू नका. सोन्याला चुंबक ओढत नाही हे खरं, पण स्टेनलेस स्टीलचे कितीतरी प्रकारही जवळजवळ ओढले जात नाहीत. निब बाहेर काढून तिच्यावरचा छाप वाचणं आणि चिरेच्या कडा पाहणं, हाच माझा भरवसा.

दुरुस्तीला द्यायचं असेल तर समोर बसून करून घ्या. ते जमत नसेल तर देण्याआधी निबचा जवळून फोटो काढा, छापासकट आणि टोकासकट, आणि तो त्याच्या मोबाइलवर त्याच्यासमोर पाठवा. पावतीवर ‘पार्कर ४५, १४ कॅरेट निब’ असं लिहून घ्या. प्रामाणिक कारागिराला याचा राग येत नाही. इथल्या महाल भागात एक वयस्कर दुरुस्तीवाले आहेत, त्यांच्याकडे मी नंतर गेले तर फोटो काढा हे त्यांनीच आधी मला सांगितलं.

बाबांचं पेन मी अजून वापरते, त्याच मुलाम्याच्या निबने. ते चांगलं लिहितं. पण अक्षर माझं येतं.

ती निब कुणाच्या तरी दुसऱ्या पेनात बसून विकली गेली असणार, कारण वितळवली तर तिचं सोनं फारच थोडं निघेल. म्हणून तिची खूण देऊन ठेवते. पार्कर ४५, १४ कॅरेट. निब वरून पाहिली तर डाव्या दात्याच्या टोकाला सपाट पैलू आहे, आणि चीर जिथे सुरू होते त्याच्या उजवीकडे ब्लेडचा एक तिरका, बारीक ओरखडा. बाबांनी एकदा वाळलेली शाई खरडली होती, त्याचा. तुम्ही डिसेंबर २०२४नंतर असं पेन घेतलं असेल आणि ते डावीकडे कलवल्यावरच नीट चालत असेल, तर कृपा करून मला कळवा. तुम्ही दिलेले पैसे मी भरून देईन, आणि बदल्यात चांगली ट्यून केलेली निबही देईन.