४५० बुशमास्टर, सेमी-ऑटो रायफलमध्ये: हंगामभराच्या वापरानंतर

नव्या डब्यातलं एक काडतूस सपाट टेबलावर उभं करा. शेजारी तुमच्या मॅगझिनमधलं सगळ्यात वरचं ठेवा, म्हणजे जे रोज पहाटे चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसायच्या जागेत) जातं आणि रोज अंधार पडल्यावर बाहेर येतं. दोघांवर एक स्टीलची पट्टी आडवी ठेवा. पट्टी नव्या काडतुसाच्या लाल टोकावर टेकली आणि जुन्याच्या डोक्यावर फट राहिली, तर त्याची गोळी केसमध्ये, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या नळकांड्यात, आत सरकली आहे. हा अनुभव लिहायला घेतला तो या फटीमुळे. ४५० बुशमास्टर या जाड गोळीच्या शिकारी काडतुसाबद्दल वेग, धक्का, हरणावरचा परिणाम यावर भरपूर लिहिलं जातं, पण सेमी-ऑटो वापरणाऱ्याला रोज छळणारी गोष्ट ही आहे.

या काडतुसाची पूर्ण लांबी २.२६० इंचापर्यंत असते. पण छापील आकड्यावर विसंबू नका. त्याच डब्यातली चार-पाच नवी काडतुसं कॅलिपरने मोजा आणि त्यांच्याशी तुलना करा. एखाद-दोन हजारांश इंचाचा फरक टोकाच्या प्लॅस्टिकमुळेही पडतो, त्याची काळजी नको. वीस-तीस हजारांशांनी लांबी घटलेलं काडतूस मात्र उडवायचं नाही. गोळी आत गेली की केसमधली जागा कमी होते. या सरळ केसमध्ये झपाट्याने जळणारी दारू वापरतात, त्यामुळे जागा थोडी कमी झाली तरी दाब बराच चढतो. आणि एआर-१५ या सेमी-ऑटो रायफलीच्या बोल्टला (चेंबर मागून बंद करणाऱ्या भागाला) या काडतुसात फारशी सवड नाही. ते का, ते पुढे येतंच.

गोळी सरकते कशी? ४५० बुशमास्टरची केस सरळ आहे, तिला खांदा, म्हणजे तोंडाकडे निमुळता होणारा उतार, नाही. चेंबरमध्ये काडतूस थांबतं ते केसच्या तोंडाच्या कडेवर. ती कड शाबूत राहायला हवी, म्हणून तोंड आत वळवून गोळी घट्ट धरणारा रोल क्रिम्प इथे चालत नाही. तोंड नुसतं किंचित दाबणारा हलका टेपर क्रिम्पच द्यावा लागतो, म्हणजे गोळीवरची पकड मुळातच बेताची. त्यात सेमी-ऑटोचा बोल्ट स्प्रिंगच्या पूर्ण जोराने पुढे येतो, गोळीचं नाक फीड रॅम्पवर (चेंबरकडे चढणाऱ्या उतारावर) आपटतं आणि मग काडतूस चेंबरमध्ये शिरतं. बोल्ट हाताने हळू सोडला तर तो पूर्ण बंद होत नाही, म्हणजे तोही उपाय नाही. बोल्ट हाताने मागे-पुढे करायच्या बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलमध्ये हेच काडतूस सावकाश ढकलता येतं, त्यामुळे तिथे हा प्रश्न खूपच कमी.

अमेरिकेच्या मिशिगन राज्यात हरणाच्या शिकारीची वेळ सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत. गाडीत रायफल ठेवायची तर ती रिकामी आणि पेटीत बंद. म्हणजे दिवसाला एकदा भरणं आणि एकदा रिकामी करणं आलंच. मचाणावर चढण्यापूर्वीही शहाणा माणूस चेंबर रिकामं करतो, तो आणखी एक फेरा. दरवेळी तेच वरचं काडतूस परत मॅगझिनमध्ये वर खोचलं, तर त्याच्या नाकावर रॅम्पचे काळे ओरखडे दिसायला लागतात. प्रायमरकडे, म्हणजे बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीकडे, पाहा: त्याच्यावर एक बारीकसा ठिपका उठलेला असतो. एआरची फायरिंग पिन मोकळी असते आणि बोल्ट बंद होताना प्रायमरला हलकी टेकते, त्याची ती खूण. एका ठिपक्याने काही होत नाही, पण रोज त्याच प्रायमरवर ठोके का पडू द्यायचे?

उपाय साधा आहे. चेंबरमधून काढलेल्या काडतुसाच्या बुडावर मार्करने एक रेघ मारा आणि ते मॅगझिनमध्ये सगळ्यात खाली घाला. दुसरी रेघ आली की ते शिकारीसाठी बाद. मोजून लांबी ठीक असेल तर लक्ष्यावर सरावाला वापरा, आखूड झालं असेल तर वेगळ्या डबीत टाका आणि गोळी ओढून सुटं करा. एक काडतूस दोन डॉलरच्या आसपास पडतं, तेव्हा फेकताना जीव कळवळतो हे खरं. पण हातघाईने वाचवलेले ते दोन डॉलर बोल्टचे लग (त्याला जागेवर अडकवून धरणारे दात) मोडायला पुरे आहेत. आखूड काडतूस गोळी बाहेर ओढून पुन्हा लांब करायच्या भानगडीत पडू नका. एकदा सरकलेल्या गोळीवरची पकड तेवढीच राहिली असेल याची खात्री नसते.

आता निवडीकडे. एआर-१५ च्या आकाराच्या रायफलमध्ये जाड गोळी हवी असेल तर प्रामुख्याने तीन नावं समोर येतात: ४५० बुशमास्टर, ४५८ सोकॉम आणि ५० बेओवुल्फ.

बुशमास्टरची मूळ कल्पना टिम लेजेंडर यांची, '४५ प्रोफेशनल' या नावाची. हॉर्नडी या काडतूस कंपनीने आपली २५० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) टोकदार गोळी एआरच्या मॅगझिनमध्ये बसावी म्हणून केस १.७०० इंचापर्यंत आखूड केली आणि २००७ मध्ये काडतूस बाजारात आलं. २० इंची नळीतून सुमारे २,२०० फूट प्रति सेकंद, म्हणजे जवळपास २,६९० फूट-पाउंड ऊर्जा. ४५८ सोकॉम मार्टी टेर वीम यांचं, २००१ च्या सुमाराचं. ३०० ग्रेनपासून ६०० ग्रेनपर्यंतच्या गोळ्या त्यात चालतात, आणि ४५-७० या जुन्या काडतुसासाठी बनलेल्या ०.४५८ इंची गोळ्यांचं सगळं दालन खुलं होतं. बेओवुल्फ बिल अलेक्झांडर यांचं, त्याच काळातलं, अर्धा इंच व्यासाच्या गोळीचं.

कागदावर पाहिलं तर ४५८ सोकॉम मला सगळ्यांत सुबक वाटतं. त्याला लहानसा का होईना खांदा आहे आणि काडतूस चेंबरमध्ये त्या खांद्यावर थांबतं. त्यामुळे तोंडाला घट्ट क्रिम्प देता येतो आणि वर सांगितलेली सरकण्याची कटकट कमी होते. ते साध्या एआर मॅगझिनमध्ये फेरफार न करता बसतं. रानडुकरांसाठी, जिथे केसच्या आकारावर कायद्याची अट नाही तिथे, मी तेच सुचवीन.

पण तोच खांदा त्याला मिशिगनच्या दक्षिण भागातून बाहेर काढतो. तिथे २०१४ मध्ये हरणासाठी ज्या रायफलींना मुभा मिळाली त्यांची अट अशी होती: गोळी .३५ इंच व्यासाची किंवा त्याहून मोठी, केस सरळ, केसची लांबी १.१६ ते १.८० इंच. ४५० बुशमास्टर १.७०० इंचाने आत बसतं, बेओवुल्फही बसतं, सोकॉम खांद्यामुळे बाद. ओहायोनेही सरळ केसचीच वाट धरली. असे नियम हंगामागणिक बदलतात, म्हणून रायफल घेण्याआधी त्या वर्षीची राज्याची पुस्तिका वाचा, दुकानदाराच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. मिशिगनमध्ये सेमी-ऑटोत चेंबर आणि मॅगझिन धरून सहापेक्षा जास्त काडतुसं मावता कामा नयेत, तेव्हा पाचाचं मॅगझिन घ्या आणि मोठ्याचा मोह सोडा.

बेओवुल्फची अडचण वेगळी. तांत्रिकदृष्ट्या त्यात एक गोष्ट फार विचारपूर्वक केलेली आहे: बुडाची कड ०.४४५ इंच, ७.६२×३९ च्या बोल्टशी जुळणारी. बाकी दोघांची कड ०.४७३ इंच, म्हणजे .३०८ काडतुसाएवढी. एआर-१५ च्या बोल्टचं तोंड ०.४७३ पर्यंत मोठं केलं की भोवती धातू कमी उरतो. याच कारणाने या काडतुसांचे दाब खाली ठेवलेले आहेत: बुशमास्टर ३८,५०० पाउंड प्रति चौरस इंच, सोकॉम ३५,०००, बेओवुल्फ ३३,०००. तुलनेला ३५० लेजंड हे काडतूस ५५,००० वर चालतं, कारण त्याचं बूड बारीक आहे. दाब तोच असला तरी जाड केस बोल्टवर जास्त क्षेत्रफळातून रेटते आणि तो रेटा लगवर येतो. म्हणून '४५० मध्ये जरा जास्त दारू घालून पाहू' हा विचारही नको. बेओवुल्फ मी घेतलं नाही ते काडतुसांच्या उपलब्धतेमुळे. मुख्यतः एकाच कंपनीशी बांधलेलं काडतूस ऐन नोव्हेंबरात मिळेनासं झालं की रायफल कपाटात राहते. ४५० बुशमास्टर हॉर्नडी, विंचेस्टर, रेमिंग्टन, फेडरल असे बरेच जण बनवतात.

मॅगझिनबद्दल मत मधल्या काळात बदललं. सुरुवातीला रायफलीबरोबर आलेलं पाचाचं मॅगझिन पुरेल असं वाटलं होतं. शेवटची दोन काडतुसं नाक खाली घालून रॅम्पच्या खाली अडकायची. ही जाड काडतुसं दोन रांगांत बसत नाहीत, मधोमध एकाच रांगेत चढतात, त्यामुळे फॉलोअर (काडतुसं खालून वर ढकलणारा मॅगझिनमधला तुकडा) जरा कलला की नाक पडतं. रायफल बनवणाऱ्या कंपनीचं पहिलं उत्तर आलं ते 'दुसऱ्या कंपनीची काडतुसं वापरून पाहा' असं. दुसऱ्या कंपनीची काडतुसं घेतली, तेच झालं. तीन मेल गेल्यावर बदली फॉलोअर आला, तो थोडा लांब पायांचा होता, आणि अडकणं थांबलं. म्हणजे दोष काडतुसात नव्हताच. तेव्हा अडकलं की आधी मॅगझिन बदलून पाहा, मग काडतूस, आणि रॅम्प घासायच्या नादाला लागूच नका. तपासताना मॅगझिनमध्ये एकच काडतूस घाला, मग दोन, मग पाच. कितव्याला नाक पडतं ते कळलं की कारण निम्मं सापडतं. उघड्या शिशाच्या बोथट नाकाची काडतुसं टोकदार गोळीपेक्षा जास्त अडतात, हेही पाहून घ्या.

मझल ब्रेकबद्दलही (नळीच्या तोंडावर लावायचा, धक्का कमी करणारा तुकडा) मत फिरलं, पण उलट दिशेने. बाकावरून सराव करताना ब्रेक सुखाचा वाटतो, खांद्यावरचा ढकला चांगलाच कमी होतो. झाकलेल्या मचाणात तोच ब्रेक कानाचा शत्रू. आवाज बाजूला आणि मागे फेकला जातो, शेजारी बसलेल्यालाही भोगावा लागतो. कानाला संरक्षण असल्याशिवाय ब्रेक लावलेल्या रायफलीने एकही बार काढू नका. सात-आठ पाउंडांच्या गॅसवर चालणाऱ्या रायफलीत ४५० चा धक्का १२ बोअर बंदुकीच्या स्लगपेक्षा (एकसंध जड गोळीपेक्षा) सौम्य आहे. आता शिकारीत ब्रेक काढून साधी टोपी लावतो. ब्रेक काढला की गोळ्या कागदावर थोड्या सरकतात, तेव्हा झिरो, म्हणजे नेम आणि गोळी जिथे जुळतात ते अंतर, परत तपासा.

झिरो किती यार्डांवर? मी १५० धरतो. १०० वर गोळी अडीच इंचांच्या आसपास वर लागते, २०० वर सात-साडेसात इंच खाली. १०० वर झिरो केलं तर २०० वर फूटभर खाली जाते आणि घाईत तेवढा अंदाज चुकतो. २०० यार्डांवर ऊर्जाही मूळच्या निम्म्याखाली, साधारण १,२६० फूट-पाउंड. व्हाइटटेल हरणाला ती पुरते, पण त्यापुढे या काडतुसाचं काम नाही. बहुतेक नळ्यांच्या आतल्या, गोळीला फिरवणाऱ्या खाचांचा पीळ २४ इंचांत एक फेरा, तो २५० ते ३०० ग्रेनच्या गोळ्यांना बेतलेला. सोकॉमसारख्या ५०० ग्रेनच्या गोळ्यांची अपेक्षा यातून करू नका.

रिकाम्या केसा गोळा करून पुन्हा भरणाऱ्यांसाठी एकच गोष्ट. सगळ्या केसा एकाच लांबीच्या ठेवा आणि १.७०० च्या फार खाली कापू नका. तोंडावर थांबणारं काडतूस आखूड झालं की चेंबरमध्ये सैल बसतं आणि फायरिंग पिनचा ठोका हलका पडतो. ०.४५२ इंच व्यासामुळे पिस्तुलाच्या स्वस्त गोळ्या बसतात खऱ्या, पण त्यांतल्या बऱ्याच पातळ कवचाच्या आणि निम्म्या वेगासाठी बनवलेल्या असतात. २,२०० फुटांवर त्या हरणाच्या खांद्यात खोल जाण्याऐवजी फुटतात. कागदावर ठीक, शिकारीला नको.

दर बाराला दोन डॉलर हा हिशेब बोचत असेल तर ३५० लेजंड पाहा. विंचेस्टरने २०१९ मध्ये आणलं, केस सरळ, बोल्ट एआरच्या नेहमीच्या .२२३ काडतुसाचा चालतो, काडतुसं बरीच स्वस्त, धक्का निम्मा. १५० ग्रेनची गोळी सुमारे १,८०० फूट-पाउंड देते आणि १५० यार्डांच्या आतल्या हरणाला तेवढं भरपूर झालं. मनासारखा सराव परवडतो, आणि जंगलात गोळी कुठे लागते ते सरावावरच ठरतं. मोठ्या रानडुकरावर, अस्वलावर, किंवा झुडपांत जवळून झडप घालणाऱ्या जनावरासमोर मात्र ४५० चं वजन हवं.

आणि आज संध्याकाळी रायफल रिकामी कराल तेव्हा चेंबरमधून निघालेल्या काडतुसावर रेघ मारा आणि ते मॅगझिनमध्ये खाली घाला.